ठिय्या

इथं अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अण्णाकाकांचं भाषण ठरलेलं असतं. खिशात आठ डॉलर, अंगात थोरल्या भावाचा कोट, फेब्रुवारीची थंडी आणि केनेडी विमानतळ. आठाचे कधी सात होत नाहीत की नऊ होत नाहीत. त्या काळी आपलं सरकार परकीय चलन मोजून तेवढंच हातावर ठेवायचं, त्यामुळे १९७०च्या आगेमागे आलेल्या प्रत्येक काकाच्या खिशात आठच डॉलर सापडतात. शेवटचं वाक्यही ठरलेलं: "कुणाच्या उपकारावर नाही आलो, स्वतःच्या हिमतीवर आलो." टाळ्या होतात आणि पंगत बसते.

गेल्या वर्षी मात्र पंगत थोडी लांबली. नववीतली एक मुलगी उठली आणि तिच्या अमेरिकन मराठीत म्हणाली, "पण काका, तुमच्या आधीच्या लोकांकडे हिंमत नव्हती का? १९५५ मध्ये का नाही आलं कोणी?"

"तेव्हा व्हिसाला देशावार कोटा होता."

"मग तो कोणी काढला?"

काकांनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "तिला विचार. ती लायब्ररीत असते."

मी लायब्ररीत असते हे खरं आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका सार्वजनिक वाचनालयात चौकशीच्या टेबलामागे माझी वीसेक वर्षं गेली. पण त्या मुलीला मी त्या दिवशी दिलेलं उत्तर फार तोकडं होतं. "इमॅन्युएल सेलर नावाचा ब्रुकलिनचा एक खासदार होता," एवढंच म्हणाले आणि मसालेभात वाढायला गेले. राहिलेलं उत्तर हे असं.

नावाची गंमत आधी सांगते. स्पेलिंगमध्ये हे आडनाव इंग्रजीतल्या तळघराच्या (cellar) जवळ जातं, आणि कानाला ते ऐकू येतं विक्रेता (seller). मॅनी सेलरच्या बाबतीत दोन्ही खरं निघालं. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता. तो बुडाल्यावर ते दारोदार वाइन विकायला लागले, आणि ते गेल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या मॅनीने तोच रतीब पुढे चालवला. सकाळी वर्ग, दुपारपासून वाइनच्या ऑर्डरी. जन्म ६ मे १८८८ चा, ब्रुकलिनचा. म्हणजे बंदरातल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापेक्षा हा दीड वर्षांनी धाकटा. हा पुतळा पुढे परत येणार आहे. चारही आजी-आजोबा जर्मनीतून आलेले, त्यातले तीन ज्यू आणि आईचे वडील कॅथलिक. कायद्याची पदवी १९१२ साली कोलंबिया विद्यापीठातून घेतली. पुढच्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले. दोघांची गाठ पडल्याची कुठलीही नोंद नाही, पण कोलंबियाच्या पायऱ्यांवरून जाताना मला ही चुकामूक आठवल्याशिवाय राहत नाही.

१९२२ साली सेलर प्रतिनिधीगृहावर निवडून आला, दारूबंदीच्या विरोधात प्रचार करून. (वाइनवाल्याचा मुलगा दुसरं काय करणार.) ४ मार्च १९२३ ला त्याची मुदत सुरू झाली. त्याच्या बरोबर तेरा दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्याचा निकाल दिला होता. थिंड पंजाबचा शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळे, मधल्यांना नाही. कोर्टाचं म्हणणं असं, की मानववंशशास्त्राच्या पुस्तकात हिंदुस्थानी माणूस कॉकेशियन असेल, पण रस्त्यावरच्या साध्या माणसाला तो गोरा वाटत नाही, म्हणून तो गोरा नाही. झालं. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंडचा वकील होता सखाराम गणेश पंडित. ते नाव कॅलिफोर्नियाच्या कोर्टाच्या कागदांत पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. पंडितांना स्वतःला १९१४ साली नागरिकत्व मिळालेलं, आता तेही धोक्यात आलं. त्यांनी स्वतःचा खटला चालवला आणि जिंकला: एकदा दिलेला शब्द सरकारला असा परत घेता येणार नाही, मी त्याच्या भरवशावर संसार मांडला आहे. पंडित वाचले, पण त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी दार बंदच राहिलं.

ही लढाई पश्चिम किनाऱ्यावरची. ब्रुकलिनच्या नव्या खासदाराला तेव्हा हिंदुस्थान्यांचं काही पडलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या मतदारसंघात इटालियन, पोलिश, रशियन ज्यू होते आणि १९२४ साली त्यांच्यावर कुऱ्हाड येत होती. जॉन्सन-रीड कायदा. त्यातलं गणित ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जेवढे लोक होते, त्याच्या २ टक्के माणसं दरवर्षी त्या देशातून येऊ शकतील. आता १९२४ मध्ये १८९० का? १९१० ची, १९२० ची जनगणना हाताशी होती की. कारण इटली, पोलंड, रशियाकडची माणसं मोठ्या संख्येने आली ती १८९० च्या नंतर. आजोबांच्या काळातलं रेशनकार्ड दाखवून नातवंडांचं धान्य ठरवायचं, तसला प्रकार. आणि ज्यांना नागरिकच होता येत नाही, म्हणजे आशियातले बहुतेक सगळे, त्यांना या दोन टक्क्यांतही जागा नव्हती.

सभागृहात नवखा असलेला सेलर या विधेयकाविरुद्ध उभा राहिला. ते त्याचं पहिलं मोठं भाषण. हरला. विधेयक प्रचंड बहुमताने पास झालं, मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची सही झाली.

इथं दुसरा कुणी असता तर 'लढलो पण हरलो' म्हणून पुढच्या विषयाकडे वळला असता. सेलर बसून राहिला. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. अमेरिकन प्रतिनिधीगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी असते. त्याने १९२२ ते १९७० अशा लागोपाठ पंचवीस जिंकल्या. आणि त्या सभागृहात तेव्हा ज्येष्ठतेचा कायदा चाले, अगदी एकत्र कुटुंबातल्यासारखा. हुशारी, वक्तृत्व, लोकप्रियता बाजूला. समितीत जो सर्वांत जास्त वर्षं बसला तो तिचा अध्यक्ष. १९४९ साली सेलर न्याय समितीचा अध्यक्ष झाला. मधली दोन वर्षं रिपब्लिकनांचं बहुमत होतं तेवढी सोडली तर १९७३ पर्यंत त्या खुर्चीवरून हलला नाही. नागरी हक्क, मक्तेदारी, घटनादुरुस्त्या, स्थलांतर, सगळं या समितीच्या टेबलावरून जाई.

त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. एका पत्रकाराने फोन करून विचारलं, अमुक विधेयकाबाबत आपण कुठं उभे आहात? सेलर म्हणाला, मी उभा नाही, मी त्याच्यावर बसलोय. ते माझ्या बुडाखाली आहे आणि त्याला कधीही उजेड दिसणार नाही.

वाचून मला हसू आलं, आणि मग लगेच थोडं कसंतरी झालं. कारण आपल्याकडे ठिय्या सत्ता नसलेला माणूस देतो. कलेक्टर कचेरीसमोर, धरणाच्या बुडिताखाली गेलेल्या गावातले लोक बसतात. ठिय्या खुर्चीतही देता येतो, आणि तिथं तो जास्त परिणामकारक असतो, हे मला सेलरने शिकवलं.

पण बसून राहणाऱ्या माणसालाही हलवणारे क्षण येतात. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीच्या बातम्या येत होत्या आणि कोट्याचं दार लावलेलंच होतं. सेलरने आठवणीत लिहून ठेवलंय: एक म्हातारा रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्याला भेटायला आला. हातातली काठी जमिनीवर आपटत विचारत राहिला, की लाखो माणसं मारली जाताहेत, तुम्हाला दिसत नाही का, तुम्ही काहीतरी करू शकत नाही का? सेलरने सांगितलं, की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना सहानुभूती आहे, पण सैन्य आणि रसद वाहणारी जहाजं या कामाला वळवता येत नाहीत. आपलंच उत्तर किती लंगडं आहे हे त्याला बोलतानाच जाणवत होतं. त्यावर तो म्हातारा म्हणाला, एवढी गुरं कापली गेली असती तर कुणीतरी मार्ग काढला असता. मी सेलरवर जे काही वाचलं त्यात त्या काठीचा आवाज सगळ्यांत जवळून ऐकू आला. पुढच्या वीस वर्षांतल्या त्याच्या हट्टामागे मला तो ऐकू येतो. हे माझं मत, पुरावा नाही.

हिंदुस्थानचा संबंध पहिल्यांदा आला तो १९४६ साली. न्यूयॉर्कमधल्या इंडिया लीगचे जे. जे. सिंग वॉशिंग्टनच्या जिन्यांवरून वर्षानुवर्षं चपला झिजवत होते. युद्धात चीन मित्र म्हणून चिनी लोकांवरची बंदी १९४३ मध्येच उठली होती. मग आम्ही काय घोडं मारलंय, हा त्यांचा सवाल. कनेक्टिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट सेलर यांनी मिळून विधेयक लावून धरलं. २ जुलै १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी सही केली. हिंदुस्थानी माणसाला नागरिक होता येऊ लागलं, आणि हिंदुस्थानातून दर साल माणसं येऊ शकत होती शंभर.

शंभर! तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातून. जत्रेच्या दिवसांत आमच्या सांगलीकडे एका एसटीत एवढी माणसं चढतात. पण त्या कायद्याने आधीपासून इथं राहणारी जी माणसं नागरिक होऊ शकली, त्यांत दलीपसिंग सौंद नावाचा कॅलिफोर्नियाचा शेतकरी होता. १९४९ ला नागरिक झाला, १९५६ ला निवडून येऊन सेलरच्याच सभागृहात जाऊन बसला. तिथं पोहोचलेला तो पहिला भारतीय.

१९५२ मध्ये कोट्याचीच पद्धत नव्या कायद्यात परत पक्की झाली. सेलरने विरोध केला, ट्रूमननी नकाराधिकार वापरला, दोन्ही सभागृहांनी दोन दिवसांत तो उलथवला. सेलर पुन्हा बसला.

मग साठचं दशक उजाडलं आणि बसल्याचं व्याज मिळू लागलं. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्याच्या समितीतून गेला, ओहायोचा रिपब्लिकन विल्यम मॅककलक याला बरोबर घेऊन. प्रतिनिधीगृहात २९० विरुद्ध १३०. कृष्णवर्णीयांच्या मतदानाचा कायदा पुढच्या वर्षी. घटनेची तेविसावी, चोविसावी, पंचविसावी दुरुस्ती. यातल्या एकेकावर पुस्तकं आहेत, म्हणून मी इथं थांबत नाही. मला थांबायचंय ते २५ ऑगस्ट १९६५ ला.

त्या दिवशी प्रतिनिधीगृहाने हार्ट-सेलर विधेयक ३१८ विरुद्ध ९५ मतांनी पास केलं. हार्ट म्हणजे मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट. देशानुसार कोटा रद्द. पूर्व गोलार्धातून, म्हणजे युरोप, आशिया, आफ्रिका सगळं धरून, वर्षाला १,७०,००० व्हिसा आणि कुठल्याही एका देशाला २०,००० पेक्षा जास्त नाहीत. इंग्लंडला वीस हजारांचीच मर्यादा आणि भारतालाही तेवढीच. शंभरावरून वीस हजार.

एवढे भारतीय यावेत हा विचार सेलरच्या मनात असेल असं वाटतं ना? मुळीच नाही. चर्चेत विरोधकांनी भीती घातली, की आता आशिया-आफ्रिकेतून लोंढे येतील. सेलर उभा राहिला आणि म्हणाला, की तसं काही होणार नाही. या कायद्यात प्राधान्य आहे ते इथल्या लोकांच्या नातेवाइकांना. आशिया-आफ्रिकेतल्या लोकांचे इथं नातेवाईक आहेतच किती? मग येणार कोण?

हे नुसतं विरोधकांना गप्प करायला म्हटलं, असं मानायचं कारण मला दिसत नाही. नात्यांवरचा भर मुळात सेलरचा नव्हताच. त्याच्या समितीतल्या स्थलांतर उपसमितीचा अध्यक्ष मायकेल फाइगन, स्वभावाने कर्मठ, त्याने तो घालून घेतला. हिशेब साधा होता: इथले बहुतेक लोक युरोपातले, म्हणजे त्यांचे भाऊबंदही युरोपातलेच येणार. कोटा गेल्याचं समाधान आणि रंग तोच. नुसत्या भावाबहिणींसाठीच २४ टक्के व्हिसा ठेवले. शिकलेल्या व्यावसायिकांना, प्राधान्यक्रमातल्या तिसऱ्या गटात म्हणजे तिसऱ्या पसंतीत, फक्त १० टक्के.

३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी पुतळ्याच्या पायथ्याशी, लिबर्टी बेटावर सही केली. तिथं तेही म्हणाले, की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. सेलर सत्त्याहत्तर वर्षांचा होता. पहिल्या भाषणाला एकेचाळीस वर्षं झाली होती.

आता त्या दहा टक्क्यांचं काय झालं बघा. युरोपातल्या पोटभर जेवणाऱ्या डॉक्टर-इंजिनिअरांना अटलांटिक ओलांडायची गरज राहिली नव्हती. त्याच १९६५ सालात मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कायदा झाला आणि पुढे इथल्या इस्पितळांना डॉक्टर पुरेनात. तिकडे मुंबईत ग्रँट, जी. एस., पुण्यात बी. जे. मेडिकल वर्षागणिक डॉक्टर तयार करत होतं. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून मेकॅनिकलचे इंजिनिअर बाहेर पडत होते आणि किर्लोस्करवाडीपासून पिंपरीपर्यंत अर्ज करत होते. त्यांतले एक अण्णाकाका. तिसऱ्या पसंतीत, नात्याशिवाय, १९७० ला. हा झाला सेलरच्या हिशेबातला पहिला भाग: 'नातेवाईक नाहीत'.

दुसरा भाग मी स्वतः. अण्णाकाका नागरिक झाले. नागरिकाला भाऊ आणता येतो. त्यांनी माझ्या वडिलांचा अर्ज भरला, रांगेत काही वर्षं गेली, आणि १९८४ च्या जूनमध्ये बाबा, आई, मी आणि धाकटा भाऊ असे चौघे त्याच केनेडी विमानतळावर उतरलो. मी सतरा वर्षांची, एका हातात सामिष-निरामिष काही न आणल्याची शपथ घालणारा कस्टमचा फॉर्म आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत आजीने दिलेलं लिंबाचं लोणचं. इटलीतून ज्या भावाबहिणींनी यायचं असं फाइगनने योजलं होतं, त्यांच्या जागी मिरज तालुक्यातले आम्ही.

१९६० साली अमेरिकेत भारतात जन्मलेली माणसं होती जेमतेम १२ हजार. १९८० पर्यंत ती २ लाखांवर गेली. काकांनी खिशातून आठ डॉलर काढून दाखवावेत, माझी हरकत नाही; हिंमत लागतेच. पण हिंमत १९५५ मध्येही होती, वालचंद कॉलेजही होतं. नव्हता तो दहा टक्क्यांचा एक कोपरा, जो कुणी फार विचार करून आपल्यासाठी ठेवला नव्हता.

त्याच कायद्याने एक दार लावलंही. मेक्सिको आणि दक्षिणेकडच्या देशांवर तोपर्यंत संख्येची मर्यादा नव्हती. १९६५ मध्ये ती पहिल्यांदा आली, पश्चिम गोलार्धाला १,२०,०००. पिढ्यान्‌पिढ्या सुगीला येऊन परत जाणारा मजूर त्यामुळे बेकायदा ठरू लागला. आमच्या मंडळात कुणी 'आम्ही रांगेतून आलो, ते घुसून आले' असं म्हणायला लागलं, की मी उठून चहाची भांडी आवरायला घेते. रांग कुणाच्या दारासमोर मांडली हेही कायद्यानेच ठरवलेलं असतं.

सेलरची खरी फजिती यापुढे आहे, आणि ती सांगताना मला जरा मजा येते.

१९६४ च्या नागरी हक्क विधेयकावर चर्चा चालू असताना व्हर्जिनियाचा हॉवर्ड स्मिथ, विधेयकाचा कट्टर विरोधक, त्याने दुरुस्ती सुचवली: नोकरीत वंश, रंग, धर्म यांच्याबरोबर लिंगावरूनही भेदभाव नको. सभागृहात हशा पिकला. सेलरने दुरुस्तीला विरोध केला आणि विनोद केला, की माझ्या घरी बायका अल्पसंख्य नाहीत, एकोणपन्नास वर्षांच्या संसारात शेवटचे दोन शब्द नेहमी माझेच असतात: 'येस, डिअर'. आणखी हशा. मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स उठल्या आणि म्हणाल्या, की बायका दुय्यम नागरिक आहेत हे सिद्ध करायला पुरावा हवाच असेल तर हा हशा पुरे आहे. दुरुस्ती पास झाली.

पण स्त्रियांच्या समान हक्काची घटनादुरुस्ती सेलरच्या समितीत पडून होती. तो अध्यक्ष झाल्यापासून एकही सुनावणी नाही. वीस वर्षं तो तिच्यावर बसून राहिला, त्याच बुडाने, ज्याने १९२४ च्या कायद्याविरुद्ध ठिय्या दिला होता. त्याचं म्हणणं असं, की बायकांना कामगार कायद्यांत जे संरक्षण आहे ते जाईल. कामगार संघटनांचंही तेव्हा तेच म्हणणं होतं, त्यामुळे निव्वळ जुनाट म्हणून ते उडवून लावता येत नाही. पण त्याला विनोद आवरत नसे, आणि त्याचे विनोद त्याची बाजू लंगडी करत. १९७० मध्ये ग्रिफिथ्सबाईंनी २१८ सह्या जमवून ते विधेयक समितीच्या हातातून काढून थेट सभागृहात आणलं. म्हाताऱ्याच्या खालची चटई ओढावी तसं. ऑक्टोबर १९७१ मध्ये प्रतिनिधीगृहाने आणि मार्च १९७२ मध्ये सिनेटने ती दुरुस्ती पास केली.

आणि जूनमध्ये ब्रुकलिनमध्ये पक्षांतर्गत निवडणूक होती. समोर एलिझाबेथ होल्ट्झमन, वकील, वय तीस. सेलर चौऱ्याऐंशीचा. म्हणाला, टूथपिक घेऊन वॉशिंग्टन मॉन्युमेंट (राजधानीतला उंच दगडी स्तंभ) पाडायला निघालीय. मॉन्युमेंटचं मतदारसंघात साधं कार्यालयही नव्हतं. त्याच्या वकिली फर्मला म्हणे दोन दारं होती, एकावर त्याचं नाव असलेली पाटी आणि दुसऱ्यावर नसलेली, म्हणजे सरकारशी काम असलेला अशील दुसऱ्या दाराने आत जाणार. होल्ट्झमनने पैशाविना प्रचार केला. सबवेच्या जिन्यांवर आणि सिनेमाच्या तिकिटांच्या रांगांजवळ उभी राहून हात मिळवत राहिली. सेलर सहाशेच्या आसपास मतांनी पडला. पन्नास वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी असताना, जानेवारी १९७३ मध्ये, खुर्ची सुटली.

त्यामुळे पुढच्याच वर्षी निक्सनवर महाभियोगाची सुनावणी झाली तेव्हा न्याय समितीच्या अध्यक्षस्थानी न्यू जर्सीचे पीटर रोडिनो होते, आणि त्याच समितीत एका खुर्चीवर होल्ट्झमन. सेलर घरी बसून टीव्हीवर बघत असेल का, असा विचार माझ्या मनात अनेकदा आला. १५ जानेवारी १९८१ ला तो ब्रुकलिनमध्येच वारला, वय ९२. त्याच १९८१ साली अमेरिकेतल्या आपल्या मंडळांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं.

मी १९९० मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात नागरिकत्वाची शपथ घेतली. लाकडी बाकं, शेदोनशे माणसं, पुढच्या रांगेतल्या हैतीच्या बाईंच्या टोपीवर निळं फूल. उजवा हात वर करायचा होता, माझ्या त्याच हातात कागदी झेंडा होता, तो मी दातात धरला. बाबा मागून कुजबुजले, "अगं, तोंडातून काढ तो." सेलरचं नाव तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

हे सगळं मागच्या महिन्यात अण्णाकाकांना सांगायला गेले. काका आता त्र्याऐंशीचे, लाँग आयलंडला एकटेच राहतात, मायक्रोवेव्हमध्ये कॉफी करतात. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना वाटलं आपण येणार नाही?"

"हो ना काका. नातेवाईक नव्हते ना."

"नव्हतेच," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी गणपतीला मी साबणाच्या वडीचा गणपती केला होता. आरतीला एक तमिळ रूममेट." कॉफीचा घोट घेतला. "यंदा भाषणात घालू का याला? चार ओळी लिहून दे. आठ डॉलरच्या आधी घालतो."

"आठ डॉलर ठेवणारच का?"

"ते ठेवावेच लागतात गं."

तेवढ्यात माझ्या फोनवर भाच्याचा मेसेज आला, डॅलसहून. मामेभावाचा मुलगा, बारा वर्षांपूर्वी आला, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. नोकरीच्या पोटी मिळणारी ग्रीनकार्डं वर्षाला १,४०,०००, आणि एका देशाला त्यातली ७ टक्के. सेलरच्या वीस हजारांच्या मर्यादेचीच ही पुढची पिढी: आइसलंडला जेवढी मर्यादा, तेवढीच भारताला. तेव्हा समान म्हणून ठरवलेली ती रेघ आता भाच्याच्या दारात आडवी आहे. दर महिन्याला सरकार तारखा जाहीर करतं आणि कुठल्या दिवसापर्यंतचे अर्ज आता हाताळले जातील ते सांगतं. तो मला ती तारीख कळवतो, पूर्वी गावाकडे पावसाचा आकडा कळवायचे तसा.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"तारीख सरकली म्हणे."

"किती?"

"आठ दिवस."

"आठच," काका म्हणाले, आणि कॉफी पुन्हा गरम करायला उठले.